जुने घर नव्याने बांधताना माजघर ठेवावे का?

पंचगंगाकाठ

करवीर तालुक्यात नदीकाठच्या एका गावी आमचे जुने घर आहे. काळ्या दगडाचे जोते, त्यावर भेंड्यांच्या (मातीच्या कच्च्या विटांच्या) भिंती, सागवानी खांब आणि खापरी कौले अशी त्याची बांधणी आहे. दिंडी दरवाज्यातून आत आले की एका अंगाला गोठा, समोर सोपा म्हणजे बैठकीची ओसरी, सोप्यामागे माजघर, त्याच्या पोटात देवघर व स्वयंपाकघर आणि सर्वांत मागे परडे म्हणजे परसदार. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली, तेव्हा माजघरात पाणी शिरले. २०२१ च्या जुलैमध्ये ते पुन्हा शिरले आणि मागची भिंत बसली.

आता माझे दोन्ही भाऊ घर नव्याने बांधायला निघाले आहेत. थोरल्याने करून आणलेल्या आराखड्यात पुढे मोठा हॉल, त्याला लागून उघडे स्वयंपाकघर, मागे दोन बेडरूम आणि परड्याच्या जागी गाडी लावायची सोय आहे. धाकट्याला हे मान्य नाही. सोपा, माजघर आणि परडे हीच आपल्या घराण्याची ओळख आहे, ती पुसली तर गावातले आपले घर आणि शहरातला फ्लॅट यांत फरक काय, असे तो म्हणतो. यावर थोरल्या वहिनी म्हणाल्या, "ओळख खुशाल ठेवा, पण त्या अंधारात पुन्हा मला बसवू नका." आई एवढेच म्हणते की परड्याचे दार बुजवू नये.

मला सर्वांचेच पटते, म्हणून हा धागा काढला आहे. आपल्या पारंपरिक घरांची रचना जपायची म्हटले, तर तिच्यात मुरलेली बाईमाणसाची आणि पुरुषमाणसाची विभागणीही जपायची का? की ती वेगळी काढता येते?

शाहूपुरीकर

मी आपल्या धाकट्या बंधूंच्या बाजूने आहे. जुन्या घरात पुरुषांनी मोक्याची जागा बळकावली आणि बायकांना मागे ढकलले, असे हल्ली सरसकट लिहिले जाते, ते मला अपुरे वाटते. सोप्यात झोपणे ही चैन नव्हती. शेजारच्या गोठ्यात म्हैस व्यायला झाली असेल, बैलाने दावे तोडले असेल, रात्री-अपरात्री कोणी दार ठोठावले असेल, तर उठायचे कोणी? आमच्या आजोबांना आणि चुलत्यांना त्या घरात स्वतःची म्हणावी अशी एकही खोली नव्हती. कपडे खुंटीला, अंथरूण वळकटी करून कोपऱ्यात आणि पैशाची पिशवी कमरेला, एवढाच त्यांचा संसार होता. लग्न झालेला मुलगासुद्धा घर निजल्याशिवाय आत पाऊल टाकत नसे.

ती कामाची विभागणी होती आणि घर त्या कामाला धरून उभे राहिले होते. त्याकडे केवळ वर्चस्वाच्या चष्म्यातून पाहिले, तर एवढी समंजस रचना का टिकली हे कळणार नाही.

गंगावेस

कोल्हापूरच्या पुरुषांची खरी खोली म्हणजे तालीम. दिवस आखाड्यात आणि संध्याकाळ ताजे दूध प्यायला जमतात त्या दूधकट्ट्यावर काढल्यावर त्यांना घरात निराळी खोली लागलीच नाही.

कागलच्या आक्का

शाहूपुरीकर, आपण सोप्यातून पाहिलेले घर लिहिले आहे. मी आतून पाहिलेले लिहिते.

मी सून म्हणून ज्या घरात आले तेथे माजघराला एकही खिडकी नव्हती. भिंत दीड हात जाड, आणि उजेड म्हणून सोप्याकडच्या दारातून येईल तेवढाच. स्वयंपाकघरात चुलीच्या वर एक झरोका होता, त्यातून धूर जाण्यापेक्षा पावसाची झड आत येत असे. माझ्या सासूबाईंचे डोळे पन्नाशीतच कायम पाणावलेले आणि लाल असत. त्याला कोणी आजार म्हणत नसे, कारण गल्लीतल्या त्यांच्या वयाच्या बहुतेक बायकांचे डोळे तसेच होते. वहिनी ज्या अंधाराविषयी बोलल्या, तो हा अंधार आहे, आणि त्यांचे म्हणणे आपण सर्वांनी आधी नीट ऐकावे असे मला वाटते.

सोपा आणि माजघर यांमधल्या दाराविषयी सांगते. दाराची उजवी फळी बिजागरीपाशी कोळपून तिथे बोटभर फट पडली होती. सोप्यात पाहुणे बसले की आम्ही जावा तिथे उभ्या राहत असू. आतल्या अंधारामुळे बाहेरच्यांना आम्ही दिसत नसू, आम्हाला मात्र समोरची बैठक पूर्ण दिसे. मुलीला पाहायला आलेला मुलगा, जमिनीच्या वाटणीचे बोलणे, सावकाराची माणसे, सगळे त्या फटीतून पाहिलेले आहे. रात्री जेवायला वाढताना सासूबाई मामंजींना हलक्या आवाजात सांगत, "तो माणूस बोलताना तुमच्याकडं बघत नव्हता, त्याला जमीन देऊ नका." दुसऱ्या दिवशी सोप्यात बसून मामंजी तेच स्वतःचे मत म्हणून मांडत. निर्णय बाहेर जाहीर होत असे, तो ठरत कुठे होता हे घरातल्या सर्वांना ठाऊक असे.

आणि उतरंड. मडक्यांवर मडकी रचलेली, वरच्यात मीठ-डाळ आणि तळातल्यात सासूबाईंचे पैसे. अंडी, शेणी, ताक-लोणी विकून जमवलेले. त्या उतरंडीला हात लावायची घरातल्या कोणत्याही पुरुषाची प्राज्ञा नव्हती. माजघर हा आमचा कोंडवाडा होता आणि तेच आमचे राज्यही होते. यातले एकच खरे मानून कोणी बोलू लागले की मला राहवत नाही.

राजारामपुरीची अभ्यासक

आक्कांनी लिहिलेली दुहेरी स्थिती जगातल्या अनेक समाजांच्या घरांत दिसते, म्हणून काही उदाहरणे देते. मी मानवशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडे लांबेल.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी उत्तर अल्जेरियातील कबाईल लोकांच्या घराचे विश्लेषण केले आहे. त्या घरात एका बुटक्या भिंतीने दोन भाग पडतात. खालचा, अंधारा भाग जनावरांचा, आणि वरचा, उजेडाचा भाग माणसांचा, जिथे चूल आणि माग असतो. छताची मुख्य तुळई घरधन्याशी जोडली जाते आणि तिला पेलणारा मधला दुबेळक्याचा खांब घरधनिणीशी. बाहेरचे जग पुरुषाचे आणि संपूर्ण घर स्त्रीचे, पण त्या घराच्या आत पुन्हा एक पुरुषाचा आणि एक स्त्रीचा भाग, अशी ती घडीवर घडी आहे. आपल्याकडे सोप्याला 'बाहेर' म्हणतात, तो घराच्या छपराखाली असूनही, हे येथे आठवावे.

मंगोलियातील गोल तंबूघराला मधली भिंतच नसते, तरी विभागणी पक्की असते. दार दक्षिणेला, पश्चिमेचा अर्धा भाग पुरुषांचा, तेथे खोगीर व लगाम. पूर्वेचा अर्धा बायकांचा, तेथे भांडीकुंडी. आणि दाराच्या समोर, उत्तरेला, मानाची जागा. अर्थात उघडा हॉल केला की भेद आपोआप मिटतात, हा थोरल्या बंधूंचा समज असेल तर त्याला या उदाहरणाने उत्तर मिळते. भिंत नसतानाही कोणी कुठे बसायचे हे माणसे पाळतात.

आता उलट बाजू. पश्चिम सुमात्रातील मिनांगकाबाउ लोकांचे शिंगांसारख्या उंच टोकांच्या छपराचे मोठे घर आईकडून मुलीकडे जाते. आतल्या खोल्या विवाहित लेकींच्या असतात, जावई तेथे राहायला येतो, आणि वयात येऊ लागलेली मुले पूर्वी रात्री गावातल्या प्रार्थनाघरात झोपायला जात, कारण आईच्या घरात त्यांना खोली नसे. शाहूपुरीकरांच्या आजोबांची आठवण येथे होते, फरक एवढाच की तिथे घराची मालकीही स्त्रीची असते. तरीही कुळाचा मुखत्यार म्हणून बाहेर बोलतो तो मामाच. उत्तर अमेरिकेतील हॉडेनोशॉनी लोकांच्या लांबच लांब घरांतही कूळ आईकडून चाले. लाकडाचा सांगाडा उभारणे आणि त्यावर साल चढवणे हे पुरुषांचे काम, पण आतले धान्य व घराचा कारभार वडीलधाऱ्या स्त्रियांकडे, आणि जमातीचा प्रमुख निवडण्याचा व त्याला पायउतार करण्याचा अधिकारही त्यांचाच होता.

यावरून मला असे म्हणायचे आहे की घरात बाईची जागा वेगळी असणे, एवढ्यावरून तिची सत्ता किती हे ठरत नाही. त्या जागेसोबत मालकी, धान्य आणि निर्णय यांतले काय तिच्या हाती येते, ते पाहावे लागते.

गावकुसाबाहेरून

ही चर्चा मी वाचत होते आणि मला सारखे वाटत होते की ती कोणाच्या घराविषयी चालली आहे हे कोणी सांगेल. चौकट, दिंडी दरवाजा, सोपा, माजघर ही सगळी जमीन असलेल्यांच्या घरांची अंगे आहेत. आमच्या वस्तीतले घर म्हणजे एक खोली आणि पुढे छपरी. चूल त्याच खोलीत, बाळंतपण तिथेच, पोरांचा अभ्यास तिथेच आणि पाहुणाही तिथेच. आईने पडदा कधी पाळला नाही, कारण तिला सकाळी दुसऱ्यांच्या शेतात भांगलायला जायचे असे. तिला माजघराचा अंधार मिळाला नाही आणि माजघराची उतरंडही मिळाली नाही.

दुसरे. आक्कांच्या घरात बायकांना पाहुण्यांसमोर सोप्यापर्यंत यायला मनाई होती. माझ्या आजीला त्याच प्रकारच्या घरात सोप्याच्या पायरीपर्यंत जायला मनाई होती. परड्याच्या बाजूने मागच्या दारी जायचे, ओंजळ पुढे करायची आणि वरून ओतलेले पाणी प्यायचे. घराचे उंबरठे केवळ बाई आणि पुरुष यांना वेगळे करत नव्हते, जातीलाही वेगळे करत होते. शाहू महाराजांनी १९१९ साली करवीर संस्थानात सार्वजनिक ठिकाणची अस्पृश्यता बंद करणारे हुकूम काढले, पण हुकूम विहिरीपर्यंत आणि दवाखान्यापर्यंत पोहोचतो, घराच्या मागच्या दारापर्यंत पोहोचायला फार काळ लागतो.

म्हणून 'घराण्याची ओळख' हा शब्द वापरताना, त्या ओळखीत कोणाला कुठे थांबवले जात होते, तेही आराखड्यावर दाखवावे, अशी माझी विनंती आहे.

पंचगंगाकाठ

ताई, तुम्ही लिहिलेले मी घरात सर्वांना वाचून दाखवले. आमच्या परड्यातही मागच्या बाजूला एक वेगळा दगड आहे आणि तो कशासाठी होता हे आईला माहीत आहे. तिने ते काल प्रथमच उघडपणे सांगितले. तो दगड नव्या घरात राहणार नाही, यावर घरात कोणाचे दुमत नाही.

डोंगरवाट

गावकुसाबाहेरून यांच्या मुद्द्याला जोडून वेगळ्या घरांविषयी लिहितो. कामानिमित्त माझे राधानगरी आणि गगनबावडा भागातील धनगरवाड्यांवर जाणे होते. तेथील जुनी घरे कारवीच्या कुडाची, वर गवताचे छप्पर, आणि एकाच छपराखाली अर्धे घर जनावरांचे व अर्धे माणसांचे. सोपा वगैरे काही नाही. पावसाळ्यापूर्वी छप्पर शाकारायचे आणि पाऊस अडवणाऱ्या झडी बांधायच्या, हे पुरुषांचे काम. कूड लिंपायचा, जमीन करायची, ती धरून ठेवायची, हे बायकांचे काम. गड्यांचे काम वर्षातून एकदा सगळ्यांच्या नजरेत भरते. बायकांचे काम आठवड्याच्या आठवड्याला चालते आणि म्हणून ते बांधकामात कोणी मोजत नाही.

आपण घर 'बांधले' कोणी असे विचारतो तेव्हा सुताराचे, गवंड्याचे नाव येते. मातीचे घर मात्र एकदा बांधून होत नाही. सारवण थांबले की दोन पावसाळ्यांत भिंतीला पोपडे येतात आणि जमिनीला उकीर लागतो. पन्नास-साठ वर्षे उभे असलेले मातीचे घर, त्या पन्नास-साठ वर्षांत बायकांनी रोज थोडे थोडे बांधलेले असते.

चिंचणीहून

डोंगरवाट यांचे म्हणणे आमच्या पालघर जिल्ह्यातील वारली घरांना तंतोतंत लागू पडते. तिथेही भिंती कुडाच्या आणि शेण-गेरूने लिंपलेल्या. लग्नघरात त्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहिला जातो, त्यात पालघाट देवी असते. तो लिहिण्याचा मान सवाष्णींचा असतो, आणि लग्न लावणारी धवलेरी हीसुद्धा स्त्रीच असते. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे घराची भिंत त्या दिवशी बायकांच्या हाती असते.

१९७० च्या दशकात ही चित्रे कागदावर आणि कापडावर आली. जिव्या सोमा मशे यांनी त्यांना जगभर नेले आणि त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या कलेविषयी मला अपार आदर आहे. परंतु चित्र भिंतीवरून कागदावर, म्हणजे घरातून बाजारात आले, तसे ते बहुतांशी पुरुषांचे काम झाले, याची नोंद व्हायला हवी. घर सोडले की त्या कामाला नाव, पैसा आणि सन्मान मिळाला.

शाहूपुरीकर

आक्का, आपल्या फटीचा प्रसंग वाचून मी बराच वेळ विचार करत होतो, कारण माझ्या आजीचेही असेच काही असावे. गावकुसाबाहेरून यांनी लिहिलेले नाकारण्यासारखे काहीच नाही.

पण माझा मूळ मुद्दा मी सोडत नाही. नव्या आराखड्यात बाईला काय मिळते ते सांगा. उघडे स्वयंपाकघर हॉलला जोडलेले, म्हणजे सोप्यातली बैठक आता थेट चुलीसमोर आली. पूर्वी पाहुणा आला तर बाईला आत निवांत बसता तरी येत असे. आता तो टीव्हीसमोर बसणार आणि त्याच्या डोळ्यांदेखत तिने भाकऱ्या थापायच्या. परडे गेले म्हणजे तिची दुपारची जागाही गेली. हे आधुनिक झाले, पण मोकळे झाले का?

मातीकाम

मी जुन्या घरांच्या दुरुस्तीचे काम करतो. शाहूपुरीकरांनी शेवटी जे लिहिले त्यावर माझा अनुभव सांगतो, आणि नंतर मूळ प्रश्नाकडे येतो.

जुन्या घराचा नकाशा काढताना आम्ही खोल्यांवर 'पुरुषांची' आणि 'स्त्रियांची' असे लिहून मोकळे होतो, त्यात वेळ हा घटक सुटतो. कोल्हापूरकडच्या घरात गोठा पुढे असतो. त्यामुळे पहाटे शेण काढणारी, झाडलोट करणारी, धारेला बसणारी बाई त्या तथाकथित पुरुषी भागातच असते. पुरुष शेतावर गेले की दुपारी सोपा बायकांचा होतो. तिथे धान्य निवडले जाते, वाकळा शिवल्या जातात, शेजारणी येतात. संध्याकाळी खाकरण्याचा आवाज आला की त्या आत जातात आणि जागा पुन्हा पुरुषांची होते. जागा तीच राहते, तिचा धनी प्रहराप्रहराने बदलतो. लवचिक खोली, जाड भिंत आणि दोन दारे यांमुळे हे शक्य होत होते. फर्निचरने भरलेल्या हॉलमध्ये सोफा जिथे ठेवला तिथेच राहतो आणि त्यावर बसणारा माणूसही ठरून जातो.

सारवण पाहिले तरी बाईची खूण सापडते. जुनी शेणाची जमीन तिरप्या उजेडात नीट पाहा. बोटांच्या रेघांची अर्धवर्तुळे एकाला एक लागून असतात, आणि प्रत्येकाचा विस्तार सारवणारीच्या हाताच्या पोहोचीएवढा असतो. भिंतीकडून दाराकडे मागे सरकत गेल्याचा पूर्ण मार्ग त्या रेघांतून वाचता येतो. सुतार तुळईवर कमळ कोरतो, ते राहते. ही नक्षी पुढच्या सारवणात पुसली जाते आणि पुन्हा काढली जाते.

आता पंचगंगाकाठ यांच्या घराविषयी. सर्वांत आधी नदीच्या पूरक्षेत्राच्या हद्दी दाखवणाऱ्या निळ्या आणि लाल पूररेषेचा नकाशा पाहा. निळ्या रेषेच्या आत जागा येत असेल तर रचनेची चर्चा नंतर करावी लागेल. बांधकामाला परवानगी असेल, तर पुराच्या पातळीपर्यंतचा भाग दगडात किंवा भाजलेल्या विटेत घ्या आणि त्याच्या वर मातीचे काम करा. पाच ते दहा टक्के सिमेंट मिसळून यंत्राने दाबलेले मातीचे ठोकळे भेंड्यापेक्षा पाण्याला बरेच अधिक टिकतात. उरलेल्या जुन्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करू नका, त्याने ओल आत कोंडते. चुन्याचा करा.

अंधार हा माजघराचा गुण नाही, ती त्या काळाची अडचण होती. चोरीचे भय होते, काच महाग होती आणि चुलीला धुराडे नव्हते. छपरात काचेची कौले बसवली तर माजघरात दिवसा दिवा लागत नाही. स्वयंपाकघर पूर्वेला आणि परड्याकडे उघडे ठेवा, ओट्यासमोर रुंद खिडकी द्या. म्हणजे जी राबते तिला भिंतीऐवजी झाड दिसेल.

राधानगरी रोड

मी एवढेच विचारू इच्छिते की 'बाहेर बसण्याची' जागा कुठे जाणार? आमच्या घरी परड्याकडची पडवी त्यासाठी होती. चार दिवस ताट-वाटी-घोंगडी वेगळी, आणि शेतातले काम मात्र चालूच. गडचिरोलीत माडिया वस्त्यांवर त्यासाठी गावाबाहेर कुर्माघर असते, तिथल्या बायकांचे हाल आपण वाचतो. आपल्याकडे ते घराच्या आतच होते, म्हणून कोणाला दिसले नाही. जुनी रचना जशीच्या तशी हवी म्हणणाऱ्यांनी या पडवीचे काय करायचे तेही सांगावे.

कागलच्या आक्का

राधानगरी रोड, त्या पडवीत मी पावसाळ्याच्या रात्री काढल्या आहेत. ती पाडावी, यात मला शंका नाही. माझ्या सुनेच्या काळात आम्ही तिथे न्हाणीघर केले.

एक गोष्ट मात्र जपायला हवी, ती रचनेतली नसून रीतीतली आहे. भाद्रपदात गौर येते तेव्हा पाणवठ्यावरून तिला आणायचे आणि उंबरठ्यापासून पावले काढत घरभर फिरवायचे. सोप्यात न्यायचे, कणगीपाशी न्यायचे, गोठ्यात न्यायचे, आणि प्रत्येक ठिकाणी हे काय आहे ते तिला सांगायचे. त्या दिवशी घरातली बाई संपूर्ण घराची ओळख करून देते, पुरुष बाजूला उभे राहतात. ज्या सोप्यात ती एरवी पदर सावरून जाते, तो सोपाही ती स्वतःच्या अधिकाराने दाखवते. नव्या घरात हे फिरणे चालू राहील अशी रचना असावी. प्रत्येक खोलीतून पुढच्या खोलीत जाता आले पाहिजे, बंद बोळ नसावेत.

पंचगंगाकाठ

सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. काल घरी बैठक झाली. या वेळी ती सोप्यात न घेता माजघरात घेतली आणि वहिनींनी आधी बोलावे असे ठरले. जे ठरले ते असे. सोपा राहील, पण त्याला कठड्यापाशी दगडी कट्टा असेल आणि तो सर्वांच्या बसण्याचा असेल. माजघर राहील, त्यावर काचेची कौले येतील आणि ते सोप्याला पूर्ण रुंद दाराने जोडले जाईल. वहिनींची अट होती की स्वयंपाकघर उघडे नको, पण बंदिस्तही नको. म्हणून त्याला परड्याकडे खिडकी आणि दार असेल. आईचे दार त्यामुळे राहते. गाडी बाहेर थांबेल. परड्यातला तो दगड आणि पडवी जाईल. थोरला भाऊ अजून पूर्ण राजी नाही, खर्च वाढतो असे तो म्हणतो, आणि त्याचे म्हणणे अगदीच चूक नाही.

नमुना आठ

मी वकिली करतो. खिडक्या-दारांचे ठरले हे चांगलेच झाले, पण राजारामपुरीच्या बाईंनी विचारलेला मालकीचा प्रश्न येथे सगळेच विसरले आहेत, म्हणून लिहितो.

पंचगंगाकाठताई, तुम्ही पहिल्या नोंदीत लिहिले की "माझे दोन्ही भाऊ घर नव्याने बांधायला निघाले आहेत". घर वडिलोपार्जित असेल आणि पूर्वी रीतसर वाटणी झालेली नसेल, तर ते तुमचेही आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला जन्मतः सहहिस्सेदार मानले. केंद्राची दुरुस्ती लागू झाली त्या तारखेला वडील हयात होते की नव्हते यावरून तिचा हक्क ठरत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये दिला आहे. तुम्ही तो हक्क वापरावा की नाही हे तुम्ही ठरवा, परंतु माहेरच्या घराविषयी पाहुण्यासारखे मत देत आहोत असे समजू नका.

दुसरे, बांधकाम सुरू करण्यापूर्वी ग्रामपंचायतीतून नमुना आठचा (घरपट्टीच्या आकारणीच्या नोंदीचा) उतारा काढा आणि गावठाणाची मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिकाही घ्या. त्यावर आईचे नाव आहे का ते पाहा. बहुतेक घरांत वडिलांच्या निधनानंतर मुलांची नावे लगेच लागतात आणि आईचे राहून जाते. घरकुल योजनेत आता घर पती-पत्नीच्या संयुक्त नावे किंवा स्त्रीच्या नावे मंजूर होते, आणि २५ चौरस मीटरच्या त्या लहान घरातही स्वयंपाकाची जागा धरलेली असते. सरकारी कागदाला जे जमले ते आपल्या खासगी घरांना अजून जमलेले नाही.

गावकुसाबाहेरून

नमुना आठ यांच्या शेवटच्या मुद्द्याला माझा पाठिंबा आहे. माझ्या आईचे घरकुल तिच्या नावावर झाले. त्यात सोपा नाही आणि माजघरही नाही, पण दारावर तिच्या नावाची पाटी आहे आणि पाणीपट्टीची पावती तिच्या नावाने येते. कोणी आले तर ती दारातच खुर्ची टाकून बसते आणि तिथेच बोलते.

पंचगंगाकाठ

उतारा काढला. त्यावर केवळ दोन्ही भावांची नावे आहेत. आईला विचारले तर ती म्हणाली की सही कुठे करायची ते सांग, मी येते. थोरल्या भावानेच अर्ज भरून दिला आहे. माझ्या हिश्श्याविषयी आम्ही तिघे दिवाळीनंतर बसून बोलू.

मातीकाम, चुन्याचा गिलावा करणारे गवंडी आमच्या बाजूला आता राहिलेले नाहीत. आपल्या माहितीत कोणी असतील तर कळवाल का?

मातीकाम

आहेत. दोघे भाऊ पन्हाळ्याच्या बाजूचे आहेत, आणि एकाची पत्नी चुना मळण्यात त्यांच्यापेक्षा अधिक तयार आहे, तिच्या हाताचा गिलावा मी स्वतः करून घेतला आहे. मजुरी ठरवताना तिघांची धरा, तिची निम्मी धरू नका. संपर्क निरोपातून पाठवतो. चुना किमान पंधरा दिवस आधी भिजत घालावा लागेल, त्यामुळे जोते पूर्ण होण्याची वाट न पाहता त्यांना आताच बोलावून घ्या.